सत्त्याण्णव टक्के शर्वरी

भूगोल विभागाच्या फलकावर आपलं नाव लागलेलं पाहून शर्वरी भोसेकरनं आधी इकडेतिकडे बघितलं. कौतुक झालेलं माणूस असं बघत नाही, पण शर्वरीनं बघितलं. फलकावर लिहिलं होतं की सलग तीन सत्रं पारखीवर सरासरी सत्त्याण्णव टक्के जुळणी राखल्याबद्दल एम. ए. द्वितीय वर्षाच्या या विद्यार्थिनीची शहानिशा समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. खाली विभागप्रमुख उमराणीकर मॅडमची सही होती. मॅडमनी शाईनं कडेला स्वतःच्या अक्षरात ‘शाब्बास’ असंही लिहिलं होतं, आणि त्या एका शब्दाकडं शर्वरीनं दुसऱ्यांदा बघायचं टाळलं.

पारखी काय चीज होती, ते सांगायला हवं. दहा वर्षांपूर्वी विद्यापीठांनी एक खटाटोप करून पाहिला होता. मुलांचा निबंध यंत्रानं लिहिला की माणसानं, हे दुसऱ्या यंत्राला विचारायचं. तो पार फसला. साधं, नीटनेटकं लिहिणारी मुलं उगाच पकडली गेली आणि खरे चलाख सुटले. शिवाय दोन हजार चौतीस साल उजाडेपर्यंत मदतनीस यंत्र न वापरता लिहिणारं पोर शोधूनही सापडेना. तेव्हा नव्या लोकांनी प्रश्नच बदलला. यंत्रानं लिहिलं का, हे विचारायचंच नाही. मदत घ्या, माहिती काढा, चुका तपासून घ्या, आणि काय घेतलं ते शेवटी नमूद करा. विचारायचं एवढंच, की हे लेखन तुझं आहे का?

त्यासाठी प्रवेशाच्या वेळी प्रत्येकाला दोन तास एका दालनात बसवत. हातात विद्यापीठाची पडदा असलेली पाटी, बाहेरच्या जगाशी संपर्क तोडलेली. विषय मोकळा, मनात येईल ते लिहा. या नमुन्यातून पारखी त्या माणसाचा ‘हात’ शिकायची. कोण ‘पण’ लिहितं आणि कोण ‘परंतु’, कोण दमेपर्यंत वाक्य लांबवतं, कोण उदाहरण आधी देऊन मुद्दा मागून आणतं, एका विचारावरून दुसऱ्यावर कोण उडी मारतं आणि कोण पायरीपायरीनं उतरतं, अशा हजारभर सवयींची ती एक कुंडली मांडायची. पुढं दोन वर्षं त्या मुलाचा प्रत्येक लेख त्या कुंडलीशी ताडला जायचा. साठच्या वर जुळणी आली की हिरवं, खाली आली की तांबडं. कुणी हळूहळू कुंडलीच वाकवू नये म्हणून नमुना पदवीपर्यंत गोठवून ठेवत.

सगळं कसं छान होतं. फक्त एक गोष्ट ही यंत्रं बनवणाऱ्या हुशार माणसांच्या डोक्यात आली नव्हती. आपल्याकडची पोरं चौथीपासून निबंध पाठ करतात. गाईचा पाठ करतात, पावसाळ्याचा पाठ करतात, ‘मी पंतप्रधान झालो तर’ हासुद्धा स्वल्पविरामांसकट पाठ करतात. विषय मोकळा आहे म्हटल्यावर शर्वरीनं काय केलं असेल? तिनं फोनमधल्या मदतनिसाकडून तीन सुबक निबंध लिहवून घेतले, आठवडाभर घोकले आणि त्यातला एक नमुन्याच्या दालनात जसाच्या तसा उतरवला. फसवणूक करतोय असं तिला तेव्हा वाटलंही नाही. परीक्षेची तयारी करतोय असंच वाटलं.

परिणाम असा झाला की पारखीनं शर्वरी म्हणून त्या मदतनिसाचाच हात ओळखून ठेवला. पुढं शर्वरीनं त्याच मदतनिसाकडून जे जे लिहून घेतलं ते ते सत्त्याण्णव टक्के शर्वरीचं निघालं. एकदाच, पहिल्या सत्रात, तिनं हौसेनं दोन पानं स्वतः लिहून पाहिली होती. यंत्रानं सांगितलं, सहा टक्के. त्या दिवसानंतर तिनं तो नाद सोडला.

तिच्या खोलीत तेजल गवंडी राहायची. दोघींची ओळख प्रवेशाच्या रांगेत झाली होती. तेजलची आई, शालन, गुरुवारच्या बाजारात सुकट-बोंबील विकायची. तेजल बोलायला फटकळ होती, पण कागद पुढं आला की तिची बोबडी वळायची. नमुन्याच्या दोन दिवस आधी ती रडकुंडीला येऊन म्हणाली होती, “शर्वरी, दोन तास काय लिहू गं मी? मला धा ओळीच्या वर लिवता येत न्हाई.” शर्वरीनं आपल्या तीन निबंधांतला एक तिच्या फोनवर पाठवला. ‘जलसंवर्धन : काळाची गरज’. तेजलनं तो दोन दिवसांत तोंडपाठ केला. मदत म्हणूनच दिला होता तो. शर्वरीला पुढं कितीतरी वेळा हे स्वतःला सांगावं लागलं.

वसतिगृहात एक रीत पडून गेली होती. लेख जमा करण्याआधी आगाऊ तपासणीला घालायचा, तांबड्या ओळी बघायच्या आणि मदतनिसाला सांगून त्या हिरव्या होईपर्यंत बदलायच्या. मुली याला ‘हिरवं करणं’ म्हणायच्या. “तुझं हिरवं झालं का गं?” असं एकमेकींना विचारत त्या केस विंचरायच्या. आगाऊ तपासणी खरी यासाठी होती, की आपण कुठं दुसऱ्याचं उचललं ते मुलाला आपलं आपण कळावं. तिचा हा उपयोग मुलींनी शोधून काढला होता, आणि शर्वरी त्यातली पटाईत मानली जायची. तेजलचे तीन सत्रांतले सगळे लेख तिनंच हिरवे करून दिले होते.

चौथ्या सत्राचा मोठा अहवाल आला तेव्हा मात्र घोडं अडलं. तेजलनं विषय घेतला होता आठवडी बाजाराचा भूगोल. दोन महिने ती दर गुरुवारी आईच्या सुकटाच्या पाटीशेजारी जाऊन बसली. कोण कुठल्या गावाहून येतं, बस बंद झाली की कुठली पाटी गायब होते, सुकटवाल्या बायकांना बाजाराच्या कोणत्या टोकाला आणि का बसवतात, सगळं तिनं टिपलं. आणि मग बावन्न पानं स्वतः लिहिली.

एका दुपारी ती शर्वरीच्या पलंगावर येऊन बसली. “बघ की जरा.”

शर्वरीनं अहवाल तपासणीला घातला. बावन्न पानं तांबडीलाल. जुळणी अकरा टक्के.

“हे काय केलंस?” शर्वरी म्हणाली. “अगं, एकही ओळ धड नाही. दे इकडं, तासाभरात हिरवं करते.”

“ही ओळ करून दाखव आधी.” तेजलनं बोट ठेवलं. तिथं तिच्या आईचं बोलणं होतं: ‘पयलं गिऱ्हाईक मी मोकळं धाडत न्हाई. ते मोकळं गेलं, की दिसभर माशाचा वास माझ्याच नाकात ऱ्हातो. एरवी मला त्यो येतच न्हाई.’ आणि खाली तेजलनं लिहिलं होतं, की बाजारात या बायकांना कडेला बसवतात ते वासामुळे असं सगळे सांगतात, पण वास कुणाला कधी येतो हे विकणारीलाच विचारलं पाहिजे.

शर्वरीनं मदतनिसाला सांगितलं. क्षणात ओळ हिरवी झाली: ‘प्रथम ग्राहकाचे समाधान हा विक्रेत्यांच्या मनोधैर्याचा महत्त्वपूर्ण घटक असल्याचे दिसून येते.’

तेजल हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “ही माझी आई न्हाई,” ती म्हणाली. “असूंदे तांबडं. मी असंच देणार.”

“अगं, वर्ष जाईल तुझं!”

“मी लिवलंय की ते. माझं मी लिवल्यावर कशाला जाईल?”

यंत्रानं तेजलचा म्हणून ओळखून ठेवलेला हात तेजलचा नव्हताच, पण हे बोलायचं तर तो निबंध आपणच दिला होता हेही शर्वरीला बोलावं लागलं असतं. त्या संध्याकाळी तेजल मेसमध्ये असताना शर्वरीनं तो अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वाचताना तिला तेजलचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाज वाटली.

तेजलनं अहवाल तसाच तांबडा जमा केला आणि पंधरा दिवसांनी त्याची चौकशी करायला शहानिशा समिती बसली. अध्यक्ष उमराणीकर मॅडम, पारखीचं तांत्रिक काम बघणारे नलावडे सर आणि विद्यार्थी प्रतिनिधी कुमारी शर्वरी भोसेकर. समितीवर विद्यार्थ्याचा नातेवाईक नसावा असा नियम होता. खोलीतल्या मैत्रिणीचा विचार नियम करणाऱ्यांनी केला नव्हता, आणि मीच उठून जाते असं म्हणायचा धीर शर्वरीला झाला नाही. उठलं तर का उठलं हे सांगावं लागलं असतं.

तेजल समोरच्या खुर्चीवर बसली. तिनं शर्वरीकडे बघून मान हलवली. आपलं माणूस आत आहे म्हटल्यावर जसा धीर येतो तसा तिच्या चेहऱ्यावर आलेला दिसला.

“अहवाल सुरेख आहे,” मॅडम म्हणाल्या. “खरं सांगायचं तर इतका चांगला अहवाल मी बऱ्याच वर्षांत वाचला नाही. म्हणूनच विचारते, तेजल, कुणी लिहून दिला?”

“मीच लिवला, मॅडम.”

“मग तुझ्या नमुन्याशी अकराच टक्के कसा जुळतो? तीन सत्रं तू सत्तर-पंच्याहत्तरवर होतीस.”

तेजलनं समोरच्या अहवालाकडे बघितलं. मग म्हणाली, “नमुना माझा नव्हता, मॅडम. पाठ करून लिवलेला होता. मागचे लेखबी हिरवे करून घेतलेले. ही चूक माझीच हाय. पण हे पुस्तक माझं हाय.” अहवालाला ती पुस्तक म्हणाली.

नलावडे सर पुढं सरकले. “नमुना कुणाचा होता? हे बघ, त्या माणसानं कबूल केलं तर नमुना रद्द करून नवा घेता येतो. नियम आहे तसा. पण नाव नसेल, तर पकडली गेलेली प्रत्येक मुलगी असंच म्हणेल की नमुनाच खोटा होता.”

तेजलची नजर नलावडे सरांवरून मॅडमवर गेली आणि तिथून शर्वरीवर येऊन थांबली. तिनं डोळे वटारले नाहीत, खूण केली नाही, काहीच केलं नाही. नुसती बघत राहिली. शर्वरीनं समोरची पाण्याची बाटली उचलली, झाकण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

तिला आणखीही एक गोष्ट माहीत होती. पारखीत आडवी तुलना नावाची सोय होती. दोन विद्यार्थ्यांचे नमुने एकमेकांशी लावून बघता येत, फक्त समितीच्या सदस्यानं तशी मागणी करायला हवी. तेजलचा नमुना शर्वरीच्या नमुन्याशी लावला असता तर दोन मिनिटांत सारं उघड झालं असतं. मागणी करायचा अधिकार शर्वरीच्या हातात होता. तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

“नाव?” सरांनी पुन्हा विचारलं.

“आठवत न्हाई,” तेजल म्हणाली, आणि तिनं शर्वरीवरची नजर काढून घेतली.

निर्णय दहा मिनिटांत झाला. अहवाल बाद, वर्ष रद्द. तेजल या परीक्षेला बसू शकणार नव्हती. कागद सोमवारी कुलसचिवांकडे जाणार होता. मॅडमनी सही केली, सरांनी केली, आणि शर्वरीनंही केली. सही तेवढी तिची स्वतःची होती, अगदी शंभर टक्के.

त्यानंतरचे तीन दिवस तेजल तिच्याशी भांडली नाही. भांडली असती तर शर्वरीला बरं वाटलं असतं. तेजलनं पुस्तकं खोक्यात भरली, ग्रंथालयाची परत केली आणि फोनवर आईला सांगितलं, “परीक्षा पुढं गेलीया गं. मी येते तंवर. गुरुवारी बसते तुझ्याजवळ.” पलीकडून आई आनंदानं काहीतरी बोलत राहिली आणि तेजल हं हं करत राहिली. शर्वरी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेऊन पडली होती. दिवसाढवळ्या, बारा वाजता.

शनिवारी मेसमध्ये पहिल्या वर्षाच्या दोन मुली लाजत लाजत तिच्या टेबलाशी आल्या. “ताई, तुम्ही सत्त्याण्णव टक्के कसे राखता? आम्हाला शिकवा ना.” शर्वरीच्या हातातला घास तोंडापर्यंत गेला नाही. समोर भाजीची वाटी तशीच टाकून ती उठली. हात धुताना आरशात बघायची तिला शरम वाटली, खरोखरीची, कानशिलं तापवणारी शरम. आपण कुणाचं काय घेतलं हे तिला त्या मिनिटाला धडधडीत दिसलं. तेजलनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी लिहिलं होतं, आणि ते तिचं नाही असं शर्वरीनं सहीनिशी ठरवलं होतं.

ओल्या हातांनीच ती उमराणीकर मॅडमच्या घरी गेली. घर आवारातच होतं. मॅडम अंगणात गवती चहा कापत होत्या. शर्वरीनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी त्यांनी कात्री खाली ठेवली.

“तोंडी सांगून भागणार नाही,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. “निवेदन लिहून दे. पारखीच्या दालनातून आलं पाहिजे, नाहीतर कुलसचिव दबावाखाली लिहवून घेतलं म्हणतील. आडव्या तुलनेची मागणीही त्यातच कर. आत्ताच चल.”

दालन रिकामं होतं. शर्वरी पाटीपुढं बसली आणि तासभर तिला एक ओळ सुचली नाही. मदतनिसाशिवाय तिनं काही लिहिल्याला दोन वर्षं होत आली होती. पहिलं वाक्य तिनं पाच वेळा खोडलं. ‘सदर प्रकरणी मी नमूद करू इच्छिते’ असं काहीतरी सारखं बोटांत येत होतं आणि ते खोटं वाटत होतं. मग तिनं ते सोडून दिलं आणि जे झालं ते झालं तसं लिहिलं.

‘तेजलनं मला विचारलं होतं, दोन तास काय लिहू. मी तिला माझ्या फोनमधला निबंध दिला. तोही माझा नव्हता. माझा नमुनाही माझा नाही. माझे सगळे लेख दुसऱ्यानं लिहिलेत, आणि मला त्यावर शाब्बास मिळालं. तेजलचा अहवाल तिनंच लिहिलाय. तो मी वाचलाय, मला तसा लिहिता येणार नाही. समितीत ती माझ्याकडं बघत होती. मी बाटलीचं झाकण उघडत आणि लावत बसले. तेवढ्यात एक वाक्य बोलता आलं असतं.’

तिनं निवेदन आत घातलं. पाटी तांबडी झाली. ‘हा मजकूर शर्वरी भोसेकर यांच्या हाताशी जुळत नाही. जुळणी सात टक्के.’

मॅडम तिच्या खांद्यामागे उभ्या होत्या. दोघीही त्या तांबड्या अक्षरांकडे बघत राहिल्या. मग मॅडमनी नलावडे सरांना बोलावून घेतलं आणि आडवी तुलना लावायला सांगितली. तेजलचा नमुना, शर्वरीचा नमुना. दोन वेगळ्या गावांतल्या, दोन वेगळ्या घरांतल्या मुली यंत्राच्या लेखी जवळजवळ एकच निघाल्या, त्र्याण्णव टक्के. सरांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. “गेल्या दोन वर्षांत मी किती मुलांना घरी पाठवलं असेल,” ते स्वतःशीच म्हणाले.

सोमवारी जो कागद कुलसचिवांकडे गेला तो निराळा होता. तेजलचा निर्णय मागे घेतला गेला. तिच्याकडून नवा नमुना घेतला, तो अहवालाशी शहाण्णव टक्के जुळला, आणि मागच्या तीन सत्रांचे लेख तिनं परीक्षेआधी नव्यानं स्वतः लिहून द्यावेत असं ठरलं. शर्वरीचं नाव समितीवरून निघालं, फलकावरूनही. तिची तिन्ही सत्रं बाद झाली. शिपाईमामांनी फलकावरचा कागद काढताना टाचण्या नीट डबीत ठेवल्या आणि ‘शाब्बास’ लिहिलेला तो कागद चुरगाळून टाकला. शर्वरी जिन्यात उभी राहून ते बघत होती.

नियमाप्रमाणे शर्वरीच्या निवेदनाची एक प्रत तेजललाही मिळाली.

शर्वरी खोलीवर आली तेव्हा तेजल खोक्यातली पुस्तकं परत फळीवर लावत होती. पलंगावर निवेदनाचा कागद उलगडून पडला होता. शर्वरी दारातच थांबली. आत यावं की नको, तिला कळेना.

“वाचलं मी,” तेजल म्हणाली.

“हं.”

“दोनदा वाचलं.” तिनं एक पुस्तक फळीवर ठेवलं आणि कडा सारखी केली. “चांगलं लिवलंय. ते झाकणाचं तर लईच खरं वाटतंय.”

शर्वरी एक पाऊल आत आली. “तेजल, मी...”

“कुणाकडनं लिवून घेतलंस?”

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. ही ओढणी कुठनं घेतलीस असं विचारावं, तितक्या साधेपणानं तिनं विचारलं होतं.

“मीच लिहिलं,” शर्वरी म्हणाली.

तेजलनं मान हलवली. “बरं,” ती म्हणाली, कागद घडी घालून तिनं शर्वरीच्या उशीवर ठेवला आणि ती पुन्हा पुस्तकांकडे वळली. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि तो बसावा असं दोन वर्षांत शर्वरीनं काहीही लिहिलेलं नव्हतं.